सोयीचा काळोख

जेवतांना पाट कोणत्या बाजूस मांडावा, पत्राच्या आरंभीं कोणाचें नांव लिहावें, रात्रीं दिवा कोणी आणि केव्हां मालवावा, या गोष्टींत वस्तुतः बरेंवाईट असें कांहीं नाहीं. तथापि घराचें वळण म्हणून ज्यास म्हणतात तें अशाच गोष्टींनीं बनतें. नीतीचे मोठे प्रश्न आयुष्यांत चार-दोन वेळांच येतात. लहान प्रश्न मात्र रोज येतात, आणि रोज येतात म्हणूनच त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाहीं. संगणकाच्या पडद्याचा रंग पांढरा ठेवावा कीं काळा करावा, हा प्रश्न याच दुसऱ्या वर्गांतील आहे. त्यावर मासिकाचीं पानें खर्चण्याजोगें त्यांत काय आहे, असें वाचकांस प्रथमदर्शनीं वाटेल. थोडा धीर धरल्यास तें वाटणें कदाचित् बदलेल अशी आम्हांस आशा आहे.

हल्लींच्या संगणकांत आणि मोबाइलांत 'डार्क मोड' या नांवाची एक सोय असते. ती चालू केली म्हणजे पडद्याची पांढरी भूमि काळी होते व तिच्यावरील काळीं अक्षरें पांढरीं होतात. मजकूर तोच, चित्रें तींच. भूमि आणि अक्षर यांनीं आपापले रंग तेवढे बदलून घेतलेले असतात. मात्र डेस्कटॉप, म्हणजे संगणक उघडतांच समोर येणारें पहिलें अंगण, काळें झालें म्हणून आंतलीं सर्व दालनें काळीं होतातच असें नाहीं. कांहीं ॲप्स यजमानाची आज्ञा पाळतात, कांहींना निराळें सांगावें लागतें, आणि कांहीं कितीही सांगितलें तरी आपला पांढरेपणा सोडीत नाहींत. मध्यरात्रीं काळ्या पडद्यावरून अशा एखाद्या हट्टी ॲपमध्यें पाऊल टाकलें कीं डोळ्यांवर एकाएकीं प्रकाशाचा लोट येतो. कर्त्या पुरुषानें घरांत नवा नियम जाहीर करावा आणि निम्म्या मंडळींनीं तो ऐकलाच नाहीं असें दाखवावें, तसाच हा प्रकार होय.

आतां आमचा प्रश्न असा: ही सोय घेणारा मनुष्य आपल्यावर कांहीं संयम घालून घेतो, कीं आपला असंयमच थोडा अधिक सुखकर करून घेतो? प्रश्न आम्हीं मुद्दाम कठोर शब्दांत मांडला आहे. कारण तो सौम्य शब्दांत मांडला असतां त्याचें उत्तर आपण आपल्या बाजूनें देऊन मोकळे होतों.

आमच्या हिंगोली जिल्ह्यासारख्या ठिकाणीं हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाहीं. १ मे १९९९ रोजीं परभणींतून निराळा झालेला हा लहानसा जिल्हा. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगांव आणि औंढा नागनाथ हे त्याचे पांच तालुके. येथील मध्यम स्थितींतल्या कुटुंबांतून स्पर्धापरीक्षेचा अभ्यास, नोकरीचा अर्ज, पुण्यामुंबईस गेलेल्या मुलांशीं बोलणें आणि रात्रींची करमणूक हें सर्व आज एकाच पडद्यावर चालतें. घर दोन-तीन खोल्यांचें. निजणारे पुष्कळ आणि जागणारा एक. अशा घरांत रात्रीं अकरा वाजून गेल्यावर जो पडदा उजळत राहतो त्याचा रंग कोणता असावा, हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नव्हे. त्यांत जागणाऱ्याच्या प्रकृतीचा, निजणाऱ्यांच्या झोंपेचा आणि त्या दोहोंमधील विश्वासाचा संबंध येतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. काळा पडदा ही आजच्या पिढीची नवी कल्पना आहे असें पुष्कळांस वाटतें. खरें पाहतां संगणकाचा पडदा मूळचा काळाच होता. जुन्या कांचेच्या नळीच्या पडद्यावर काळ्या भूमीवर हिरवीं किंवा पिंवळसर अक्षरें उमटत असत. १९७३ सालीं अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत 'आल्टो' नांवाचा संगणक तयार झाला. त्याचा पडदा कागदाच्या पानासारखा उभा असून त्यावर पांढऱ्या भूमीवर काळीं अक्षरें दिसत. ज्याला जन्मभर कागदावर वाचण्याची संवय, त्याला यंत्र परकें वाटूं नये, हा त्यांतील हेतु. पुढें १९८४ सालीं आलेल्या मॅकिंटॉशनें हीच रीत घरोघरीं नेली, आणि पांढरा पडदा हाच स्वाभाविक पडदा असें लोक मानूं लागले. मग चक्र पुन्हां फिरलें. २०१६ सालीं विंडोज १० मध्यें, २०१८ सालीं मॅकओएसमध्यें, आणि २०१९ सालीं अँड्रॉइड व आयफोन या दोहोंमध्यें संपूर्ण काळी मांडणी करण्याची सोय आली. म्हणजे जिला आज आपण नवी म्हणतों ती मूळच्या स्थितीकडे परत जाण्याची वाट आहे. फरक एवढाच कीं, पूर्वीं ती यंत्राची गरज होती, आतां ती माणसाची निवड झाली आहे. आणि गरजेबद्दल कोणाला जाब विचारतां येत नाहीं. निवडीबद्दल मात्र विचारतां येतो.

आपल्याकडेही या दोन्ही रीती फार जुन्या आहेत. धुळाक्षरांच्या काळीं फळीवर धूळ पसरून तींत बोटानें अक्षरें काढीत. पुढें दगडी पाटी आली, शाळेंत काळा फळा आला, आणि कित्येक पिढ्यांनीं आपला पहिला 'ग' काळ्या भूमीवर पांढऱ्या रेघेनें गिरविला. उलट पोथी, जमाखर्चाच्या वह्या आणि छापील पुस्तकें पांढऱ्या अथवा पिंवळट भूमीवर काळ्या अक्षरांनीं लिहिलेलीं. या वांटणींत एक शहाणपण होतें, असें आम्हांस वाटतें. जें पुसावयाचें तें काळ्यावर पांढरें, आणि जें राखावयाचें तें पांढऱ्यावर काळें. शिवाय पोथीची जुनी शाई जिच्यापासून होत असे तें काजळ म्हणजे दिव्याच्याच पोटचा काळिमा. तो डिंकांत खलून लेखक आपलें अक्षर काळें करी. दिव्यानें काळें दिलें आणि त्या काळ्यानें ज्ञान दिलें! तेव्हां प्रकाश म्हणजे चांगलें आणि काळोख म्हणजे वाईट, अशी ढोबळ वांटणी या विषयांत चालावयाची नाहीं. अक्षर दिसतें तें भूमीशीं असलेल्या त्याच्या विरोधामुळें दिसतें. त्या विरोधांतील कोणती बाजू कोणाला द्यावी हें प्रसंगावर अवलंबून आहे.

काळ्या पडद्याच्या बाजूनें दोन लाभ नेहमीं सांगितले जातात. तो डोळ्यांस हितकर आहे हा एक, आणि त्यानें वीज वांचते हा दुसरा. दोहोंतही तथ्य आहे, परंतु सांगितलें जातें तितकें नाहीं. डोळ्याचीच गोष्ट घ्या. भूमि उजळ असली म्हणजे डोळ्याची बाहुली आकुंचित होते, आणि लहान छिद्रांतून आलेलें चित्र अधिक रेखीव उमटतें; म्हणून सामान्य निकोप डोळ्यास उजळ भूमीवरील काळीं अक्षरें वाचणें सोपें जातें. जर्मनींतील ड्युसेलडॉर्फ येथील विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तरुण आणि वृद्ध या दोन्ही वर्गांस मुद्रितें तपासण्याचें काम पांढऱ्या भूमीवर अधिक चांगलें करतां आलें. ज्यांच्या डोळ्यांत दृष्टिवैषम्य, म्हणजे डॉक्टर ज्यास 'सिलिंडरचा नंबर' म्हणतात तो दोष आहे, त्यांपैकीं पुष्कळांना काळ्या भूमीवरील पांढरीं अक्षरें पसरट व धूसर दिसतात. उलट मोतीबिंदूमुळें ज्यांच्या डोळ्यांतील भिंग गढूळ झालें आहे त्यांस पांढऱ्या भूमीचा प्रकाश आंतल्या आंत विखुरल्यामुळें त्रास होतो, आणि काळी भूमि हाच त्यांचा आधार ठरतो. म्हणजे एकाच घरांत नातवाला पांढरा पडदा सोयीचा आणि आजोबांना काळा, असें संभवतें; आणि दोघांनीं एकमेकांस 'डोळे बिघडवून घेशील' अशी ताकीद देण्याचें कारण उरत नाहीं.

विजेची गोष्टही अशीच. ज्या पडद्यांत मागून एकच दिवा सारखा जळत असतो, त्या एलसीडी जातीच्या पडद्यावर काळें दाखविणें म्हणजे जळत्या दिव्यापुढें काळा पडदा धरणें. दिवा जळतच राहतो. ओएलईडी जातीच्या पडद्यांत प्रत्येक ठिपका स्वतंत्रपणें उजळतो, म्हणून तेथें काळा ठिपका म्हणजे खरोखरच विझलेला ठिपका होय, आणि तेथें बचत होते. पण तीही किती? अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठांत २०२१ सालीं केलेल्या मोजणीप्रमाणें पडद्याची प्रखरता पूर्ण असतांना ही बचत शेंकडा ३९ ते ४७ पर्यंत जाते. परंतु घरांत वापरतांना प्रखरता शेंकडा ३० ते ५० इतकीच असते, आणि तेव्हां बचत सरासरी शेंकडा ३ ते ९ एवढीच भरते. ही थोडी बचतही वायां घालवूं नये, हें खरें. परंतु पडदा काळा करून तो रात्रीं एक तास अधिक वापरला तर ती पार धुऊन निघते, हेंही तितकेंच खरें.

या हिशेबांत जें उरतें तेंच आम्हांस महत्त्वाचें वाटतें. बहुतेक लोक काळा पडदा पसंत करतात तो शास्त्रीय कारणास्तव नव्हे, तर रात्रीं तो सुखकर वाटतो म्हणून. दिवसा निमूट वाटणारें पांढरें पान मध्यरात्रीं डोळ्यांस बोंचतें. तें काळें केलें कीं बोंचणें थांबतें. नीतीचा प्रश्न येथें सुरू होतो. पीडा ही शरीराच्या दारावरील पहारेकरी आहे. डोळे चुरचुरतात तेव्हां ते कांहीं सांगत असतात. त्यांचें म्हणणें न ऐकतां आपण त्यांचा आवाजच बंद केला, तर पहारेकऱ्यानें हांक मारली म्हणून त्याच्या तोंडांत बोळा कोंबण्यासारखें तें होणार नाहीं काय?

यावर कोणी म्हणेल, 'जोडा चावतो म्हणून तो बदलावा, कीं चालणें सोडावें? प्रत्येक पीडा ही अतिरेकाची सूचना असते असें नाहीं. कधीं कधीं हत्यार वाईट असतें, एवढाच तिचा अर्थ असतो.' हा आक्षेप अगदीं बरोबर आहे, आणि सर्व वाद येथेंच येऊन ठेपतो. पीडा दोन प्रकारची असते: एक साधनाच्या दोषाची, दुसरी आपल्या अतिरेकाची. पहिली दूर करणें हें शहाणपण आहे, दुसरी दूर करणें ही आत्मवंचना आहे. दोन्ही एकसारख्याच दुखतात, तेव्हां ओळखावें कसें? आमच्या मतें एक कसोटी पुरेशी आहे. पीडा गेल्यानंतर काम लवकर संपतें कीं लांबतें, हें पाहावें. पडदा काळा केल्यानें जो विद्यार्थी आपला धडा नेमल्या वेळीं पुरा करून निजतो, त्याची पीडा साधनाच्या दोषाची होती. त्यानें जोडा बदलला. ज्याचा साडेदहाचा नेम पडदा काळा झाल्यामुळें साडेबारावर जातो, त्यानें जोडा बदलला नाहीं. त्यानें पहारेकऱ्याला रजा दिली.

यांत मनुष्य स्वतःस फसवितो तें विशेषतः अशा रीतीनें, कीं काळा पडदा दिसावयाला संयमासारखा दिसतो. प्रकाश मंद, रंग गंभीर, भपका नाहीं. जणू कोणी व्रतस्थ बसला आहे. आपल्या पंचेंद्रियांवर जें सौम्य तें आपल्या आयुष्यावरही सौम्य असलें पाहिजे, असा आपला ग्रह होतो. परंतु झोंप घालवितो तो केवळ प्रकाश नव्हे. डोळ्यांत प्रकाशाची खबर मेंदूंतील घड्याळास पोंचविणाऱ्या निराळ्या पेशी असतात, आणि काळा पडदा त्यांना कमी चेतवितो, एवढें मान्य. पण पडद्यावर चाललेलें भांडण, संपत आलेला सामना किंवा न संपणारी चित्रांची माळ ही पांढऱ्या भूमीवर असली काय आणि काळ्या भूमीवर असली काय, मनाला सारखीच जागवते. रंग डोळ्यांना विश्रांति देतो. मनाला विश्रांति देण्याचें सामर्थ्य रंगांत नाहीं.

या सोयीचा आणखी एक प्रकार विचार करण्याजोगा आहे. सूर्य मावळला कीं पडदा आपोआप काळा व्हावा आणि उगवला कीं पांढरा व्हावा, अशी व्यवस्था करून ठेवतां येते. आपल्या घरांतून तिन्हीसांजेची वेळ ही दिवेलागणीची वेळ होती. देवापुढें सांजवात लागे, मुलें शुभंकरोति म्हणत, आणि दिवस संपला ही गोष्ट घरांतील लहानथोर सर्व मिळून मान्य करीत. आज त्याच घटकेस घरांतील सर्वांत तेजस्वी वस्तु आपण होऊन काळी होते. सूर्यास्ताची नोंद यंत्र अगदीं मिनिटामिनिटानें ठेवतें. त्याच्यापुढें बसलेल्या माणसाला मात्र बाहेर अंधार पडल्याचें भानही नसतें! यंत्रानें हें भान आपल्यासाठीं ठेवलें, हा त्याचा दोष नाहीं. दिवस संपल्याची खूण पाहून आपण दिवस संपवीत नाहीं, ही उणीव आपली.

येथवर आम्हीं काळ्या पडद्याच्या विरुद्ध बाजूचें बोललों. परंतु त्याच्या बाजूनें सांगण्यासारखें जें उत्तम तें अद्याप राहिलें आहे, आणि तें जाहिरातींतून फारसें ऐकूं येत नाहीं. विजेपूर्वींच्या दिवसांत एका खोलींत सारें घर निजलें असतां अभ्यास करणारा मुलगा कंदिलाची वात खालीं करी, आणि कांचेच्या एका बाजूस जुन्या वहीचा पुठ्ठा टेंकून ठेवी, म्हणजे उजेड आपल्या पुस्तकावर पडावा आणि आईच्या तोंडावर पडूं नये. त्या पुठ्ठ्यानें त्याच्या स्वतःच्या डोळ्यांस कांहीं लाभ नव्हता. तो दुसऱ्याच्या झोंपेसाठीं होता. आजचा काळा पडदा हा त्या पुठ्ठ्याचा वंशज होऊं शकतो. आगगाडींत समोरच्या बाकावर कोणी डोळा लावला असतां, रुग्णालयांत आजाऱ्याच्या खाटेपाशीं रात्र काढतांना, अथवा लहान मुलाला थोपटून नुकतेंच निजविलें असतां जो आपला पडदा काळा करतो, त्याच्या कृतींत सौजन्य आहे. ज्या काळोखानें दुसऱ्याची सोय होते तो काळोख आणि ज्यानें केवळ आपली होते तो काळोख, हे दिसण्यांत एक असले तरी मोलानें एक नाहींत.

मात्र याच पुठ्ठ्याला एक दुसरी बाजू होती. त्याच्या आड क्रमिक पुस्तक आहे कीं कादंबरी, हें निजलेल्या आईला दिसत नसे. तरीही दाराच्या फटींतून येणारी उजेडाची रेघ तिला एवढें तरी सांगे कीं मूल अजून जागें आहे. मग ती आंतूनच 'नीज आतां' असें म्हणे, आणि त्या दोन शब्दांनीं पुष्कळ मुलांची प्रकृति राखली. काळ्या पडद्यानें ती रेघही पुसून टाकली. आतां शेजारच्या खोलींत कोण कोणत्या वेळेपर्यंत जागें आहे याची साक्ष घर देत नाहीं. परीक्षेच्या धास्तीनें झोंप उडालेलें मूल आणि चैनीनें जागणारें मूल या दोघांच्याही दाराशीं सारखाच अंधार असतो. आणि यांपैकीं पहिल्याला 'नीज आतां' या शब्दांची केवढी गरज असते, हें सांगावयास नको. पहारा ठेवावा असें आम्ही म्हणत नाहीं. मोठ्या मुलांवर पहारा ठेवणें हें त्यांचा अपमान करण्यासारखें आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, जें पूर्वीं उजेड आपोआप सांगत असे, तें आतां माणसांनीं एकमेकांस तोंडानें सांगितलें पाहिजे. 'मी आज बारापर्यंत वाचणार आहें' हें वाक्य जेथें सहज बोललें जातें, तेथें पडद्याच्या रंगानें कांहींच बिघडत नाहीं.

काळ्या पडद्याची गरज कोणाला सर्वांत अधिक, असें आम्हांस कोणी विचारलें तर आम्ही शहरांतील रसिकाचें नांव घेणार नाहीं. कृषिपंपांस वीज पाळीपाळीनें कधीं दिवसा, कधीं रात्रीं देण्याची रीत महाराष्ट्रांत वर्षानुवर्षें चालत आली. त्यामुळें वसमतकडे हळदीला पाणी देणारा शेतकरी मध्यरात्रीं बांधावरून जात आहे, हें दृश्य आमच्या जिल्ह्यांत परिचयाचें आहे. अंधाराला डोळा पुरता सरावण्यास वीस ते तीस मिनिटें लागतात. तसा सरावलेला डोळा चांदण्याच्या उजेडांतही बांध, चर आणि पायाखालचें जनावर ओळखतो. अशा वेळीं पंप चालू झाला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं खिशांतला मोबाइल काढला आणि पांढरा पडदा डोळ्यांसमोर लखलखला, तर वीस मिनिटांची कमाई एका क्षणांत जाते आणि पुढचीं कांहीं पावलें आंधळ्यानें टाकावीं तशीं टाकावीं लागतात. त्याच्या हातांतील पडदा काळा असणें ही चैन नव्हे. ती सुरक्षितता आहे. सोय हा शब्द उच्चारतांच नाक मुरडणाऱ्या नीतिवाद्यानें हें उदाहरण ध्यानांत ठेवावें. सोय कोणाची आणि कशाकरितां, हें कळल्यावांचून सोयीची निंदा करतां येत नाहीं.

कोणी असेंही म्हणेल कीं, ज्याला काळें सुंदर दिसतें त्यानें काळें घ्यावें. त्यांत कारणें कशाला? आम्हांस हें मान्य आहे. सौंदर्य हें स्वतःच पुरेसें कारण आहे. फक्त आवडीला आवड म्हणावें. तिला आरोग्य, काटकसर किंवा वैराग्य यांचीं वस्त्रें नेसवूं नयेत. आवडीमुळें जें घेतलें तें गुण म्हणून मिरविलें, कीं तेथें थोडें असत्य शिरतें, आणि लहानसहान असत्यांनींच मोठ्या असत्याची संवय लागते.

काळोखाशीं माणसाचें नातें सोयीहून निराळें असूं शकतें, हें पाहण्यास आमच्या जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाहीं. औंढ्याच्या नागनाथाचें लिंग जमिनीच्या पातळीखालीं तळघरासारख्या गाभाऱ्यांत आहे. अरुंद पायऱ्या उतरून, अंग चोरून आंत जावें लागतें. बाहेरच्या उन्हांतून आलेल्या डोळ्यांस प्रथम कांहींच दिसत नाहीं. थांबावें लागतें. मग हळूहळू समईची ज्योत, बिल्वपत्रें, पिंडी अशा एकेक वस्तु अंधारांतून वर येतात. तो काळोख आपल्या डोळ्यांची सोय पाहत नाहीं. आपल्या डोळ्यांनींच त्याची वाट पाहावी लागते. पडद्यावरचा काळोख आणि हा काळोख यांत भेद आहे तो इतकाच, पण तो फार मोठा आहे: एक आपल्यासाठीं बदलतो, दुसरा आपल्याला बदलतो.

याच औंढ्याची विसोबा खेचर आणि नामदेव यांची कथा सर्वांस ठाऊक आहे. नामदेवांचें जन्मस्थान म्हणून मानलें जाणारें नर्सी गांव याच जिल्ह्यांतलें. नामदेव गुरूच्या शोधांत औंढ्यास आले, तों विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. पाय काढा म्हणतां त्यांनीं सांगितलें कीं, जेथें देव नसेल तेथें तूंच ते उचलून ठेव. नामदेव ज्या बाजूस पाय नेत त्या बाजूस पिंडी उभी राही. या कथेचा भक्तिमार्गांतील अर्थ फार मोठा आहे, आणि तो आम्ही आमच्या क्षुल्लक विषयासाठीं राबवूं इच्छीत नाहीं. परंतु बाजू बदलल्यानें वस्तु बदलत नाहीं, एवढा साधा बोध तिच्यापासून घेण्यास हरकत नसावी. पडदा पांढरा करा किंवा काळा करा. त्यापुढें बसलेलें मन, त्या मनाची ओढ आणि त्याचें चुकारपण जेथल्या तेथें असतें.

आणि त्याच औंढ्याजवळ दुधाळा गांवच्या शिवारांत काळोखाचें एक अगदीं आधुनिक मंदिर व्हावयाचें आहे. 'लायगो-इंडिया' या वेधशाळेला केंद्र सरकारनें २०१६ सालीं तत्त्वतः आणि २०२३ सालीं अंतिम मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज २,६०० कोटी रुपये. गुरुत्वलहरी, म्हणजे अवकाशाच्या पोतांतच उठणारे कंप, टिपण्याचें हें यंत्र. अशा लहरी प्रथम १४ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेंतील अशाच दोन यंत्रांनीं टिपल्या; दोन कृष्णविवरें एकमेकांत विलीन होतांना त्या उठल्या होत्या. यंत्राची युक्ति मोठी मनोहर आहे. लेसरचा एक किरण दुभंगून काटकोनांत असलेल्या चार-चार किलोमीटर लांब दोन नळ्यांतून धाडतात, आणि परत आल्यावर दोन्ही किरण असे जुळवितात कीं त्यांनीं एकमेकांस जवळजवळ नाहींसें करावें व बाहेर पडण्याच्या दारीं काळोख राहावा. दूरची लहर येऊन नळ्यांच्या लांबींत फरक पडला, आणि तो फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म असतो, कीं त्या काळोखांत प्रकाशाची किंचित् हालचाल दिसते. जेथें आधींच झगझगाट आहे तेथें ती हालचाल कोणास दिसली असती? हा काळोख कोणाच्या सोयीसाठीं नाहीं. तो अत्यंत कष्टानें राखलेला आहे, आणि तो राखला आहे तो कांहीं तरी ऐकावयाचें आहे म्हणून.

सारांश, काळोखाचे तीन हेतु आम्हांस दिसतात. एक स्वतःच्या सोयीचा, एक दुसऱ्याच्या सुखाचा, आणि एक लक्ष देण्याचा. डार्क मोडचें बटण या तिन्ही हेतूंनीं दाबतां येतें, आणि बटणाला ते निराळे ओळखतां येत नाहींत. तें काम दाबणाऱ्याचें आहे. आजोबांच्या मोतीबिंदूसाठीं, शेजारीं निजलेल्या बाळासाठीं, बांधावरच्या पावलांसाठीं अथवा निव्वळ डोळ्यांस आवडतें म्हणून तें खुशाल दाबावें. त्यांत कोणी दोष पाहूं नये. परंतु रात्रीं ठराविक वेळेनंतर तें दाबण्यासाठीं हात पुढें झाला, तर त्याच यंत्रावर दुसरेंही एक बटण असतें, त्यानें पडदा निराळ्या अर्थानें काळा होतो, याची आठवण ठेवावी. त्या काळोखांत अक्षरें नसतात. तेथें एलसीडीचा दिवा खरोखर विझतो, विजेची बचत शेंकडा शंभर होते, आणि मोतीबिंदूचा डोळा, दृष्टिवैषम्याचा डोळा व निकोप डोळा या सर्वांस तो सारखाच मानवतो.